पायऱ्यांवर गुळगुळीत ग्रॅनाइट नको

मा. संपादक,

सार्वजनिक इमारतींच्या उघड्या पायऱ्यांवर आरशासारखा पॉलिश केलेला ग्रॅनाइट बसवणे थांबवावे. ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. तिथे फ्लेम फिनिशच हवे, म्हणजे दगडावर तीव्र ज्योत फिरवून खरखरीत केलेला पृष्ठभाग. ज्योत फिरवताच ग्रॅनाइटच्या वरच्या थरातले क्वार्ट्झ हे खनिज एकदम फुगते (५७३ अंश सेल्सिअसला त्याची स्फटिकरचनाच बदलते), बारीक कपच्या उडतात आणि खरखरीत पृष्ठभाग मिळतो. लादी निदान २० मिमी जाड घ्यावी. पातळ लादी तडकते, ज्योत एका जागी रेंगाळली तरी तेच. संगमरवरावर मात्र हे करू नये, त्यातला कॅल्साइट भाजून भुसभुशीत होतो. निविदेत नुसते ‘ग्रॅनाइट’ लिहिले जाते आणि ठेकेदार पॉलिशचा माल आणतो. फिनिश आणि जाडी दोन्ही स्पष्ट लिहावीत.

– एक वाचक