परिचारिकांची माया आणि रुग्णाची भाषा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यातील एकाच रुग्णालयात आज सोलापूरची तेलुगू बोलणारी विडी कामगार, वाघोलीच्या बांधकामावरचा भोजपुरी मजूर, कलबुर्गीहून लेकीकडे आलेल्या आजी आणि नंदुरबारचा पावरी बोलणारा तरुण उपचार घेत असू शकतात. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या सिस्टर मराठवाड्यातल्या असतात, तशाच केरळातल्याही. अशा ठिकाणी परिचारिकेची आपुलकी रुग्णापर्यंत पोहोचते की नाही, हे भाषेवर फार अवलंबून असते, आणि त्याचा विचार आपली रुग्णालये जवळजवळ करतच नाहीत.

आईच्या आजारपणात एका रुग्णालयात बरेच दिवस थांबलो असताना हे जवळून पाहिले. केरळच्या एका सिस्टरला ‘उठा’, ‘वळा’, ‘गोळी घ्या’ एवढेच मराठी येत होते. त्यामुळे शेजारच्या खाटेवरच्या आजींचे मत झाले की ही मुलगी हुकूम सोडते. तीच मुलगी सलाईनची सुई बदलताना त्यांचा हात किती जपून धरत असे, हे आजींच्या लक्षात येईपर्यंत आठवडा गेला. उलट, पुरुषांच्या वॉर्डातला एक हिंदीभाषक मजूर ड्रेसिंगच्या वेळी हात झटकत असे, कारण पट्टी का सोडली जात आहे हे त्याला कोणी आधी सांगितलेले नसे. ‘सहकार्य करत नाही’ असे मात्र सगळे म्हणत. भाषा कळते तो रुग्ण शब्दांवरून माणूस पारखतो. ज्याला ती कळत नाही, तो आवाजाची पट्टी, पडदा ओढला की नाही, हाक मारल्यावर कोणी वळून पाहिले की नाही, यांवरून ठरवतो. स्पर्शाचाही अर्थ सर्वत्र सारखा नसतो. डोक्यावरून फिरलेल्या हाताने एखादीला धीर येतो, तर दुसरी संकोचाने अंग चोरते. काळजी व्यक्त करण्याच्या आणि ओळखण्याच्या रीती संस्कृतीनुसार बदलतात, असे अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ मॅडेलिन लायनिंगर यांनी गेल्या शतकातच मांडले होते.

सध्या दुभाष्याचे काम नातेवाइकांवर पडते, आणि ते नसतील तर वॉर्डातल्या मावशी-मामांवर. आईच्या अंगावरून जाण्याची तक्रार शाळकरी मुलाने सिस्टरला सांगावी, हे त्या आईला किती जड जात असेल! अशा वेळी निम्मे दुखणे सांगायचेच राहून जाते. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना इंग्रजी न येणाऱ्या रुग्णांसाठी विनामूल्य दुभाष्याची सोय करावी लागते. आपल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेतही रुग्णाला समजणाऱ्या भाषेत माहिती मिळण्याचा हक्क नमूद आहे.

याचा दोष मी परिचारिकांना मुळीच देत नाही. रात्रपाळीत एका सिस्टरकडे सगळा वॉर्ड असेल, तर ती खाटेपाशी थांबून खुणांनी समजावणार तरी कधी? त्यामुळे रिक्त पदे भरणे ही पहिली गरज आहे. परंतु काही गोष्टींना खर्च जवळपास नाही. केसपेपरवर नाव, वय, पत्ता यांच्यासोबत रुग्णाच्या भाषेचा रकाना असावा. कोणता कर्मचारी कोणती भाषा बोलतो, याची यादी प्रत्येक पाळीत वॉर्डात असावी आणि त्या मदतीची नोंद त्याचे काम म्हणून व्हावी. वेदना दाखवण्यासाठी चेहऱ्यांची चित्रे असलेला तक्ता खाटेपाशी असला, तर अक्षरओळखही लागत नाही.

आणखी एक. डिस्चार्जच्या वेळी मिळणारा अभिप्रायाचा फॉर्म मी पाहिला तो मराठी व इंग्रजीत होता, आणि बिलाच्या रांगेत उभे असलेले नातेवाईक तो भरत होते. खुद्द रुग्णाला सेवा कशी वाटली, हे त्यातून कळणे अवघड आहे. रुग्ण घरी गेल्यावर त्याच्या भाषेत फोन करून विचारावे, आणि महापालिकेने याची सुरुवात आपल्या कमला नेहरू रुग्णालयापासून करावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, हडपसर, पुणे