आई झोपते तेव्हा

तीर्थरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार.

तुम्हाला मोबाईलवरचं वाचायला जमत नाही, त्यामुळे हे तुमचा नातूच वाचून दाखवेल. तरी सगळ्यांना दिसेल असं लिहितेय. माझ्यासारख्या घरोघरी आहेत.

सासूबाईंना अर्धांगवायू होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. रात्री तीनदा उठून त्यांची कूस बदलायची आणि सकाळी सातला शाळेत शिकवायला हजर. कुणी नुसतं "कशी आहेस?" विचारलं तरी माझे डोळे भरायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, विश्रांती घ्या म्हणून सांगितलंही होतं. ती कुठून आणायची, हे काही लिहून दिलं नव्हतं.

दसऱ्याला तुम्ही सोनं द्यायला आलात. माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "अगं, नऊ दिवस लढून आईसुद्धा दमती. आज झोपली ती. तू काय तिच्याहून मोठी लागून गेलीस?"

माझा जन्म सोलापुरातला, तुळजापूर इथून जेमतेम 45 किलोमीटर. मंचकी निद्रा हा शब्द लहानपणापासून कानावरचा. सीमोल्लंघन झालं की नगरहून आलेल्या पलंगावर भवानी निजते, ती कोजागिरीला पुन्हा सिंहासनावर बसते. नवरात्राच्या आधीही तिची निद्रा असते आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधीही. म्हणजे लढाईआधी झोप, लढाईनंतर झोप! आणि आम्ही काय उचललं, तर तिचे आठ हात. नवरात्र आलं की बाईला आठ हात काढलेली चित्रं फिरायला लागतात, एका हातात लाटणं, एका हातात लॅपटॉप. पलंगावरची भवानी कुणी काढत नाही.

त्या पाच दिवसांत रोज दुपारी तुम्ही सासूबाईंपाशी बसलात आणि मला वर तुमच्या खोलीत पिटाळलंत. पहिले दोन दिवस मी पंख्याकडे बघत पडून होते, कान खाली लागलेले. तिसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. मी घाबरून खाली धावले, तर तुम्ही दोघी चहा पीत होतात. पलंगावरच्या आईला सुवासिक तेल लावतात म्हणत तुम्ही माझ्याही डोक्यावर तेल थापलंत. स्वतः मात्र आईची निद्रा म्हणून गादी-उशी सोडून चटईवर झोपत होतात, हे मला नंतर कळलं.

गोळ्या बंद कर, देवीवर सोड, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. याचेही आभार, काकू. तसं म्हणणारे त्या काळात पुष्कळ भेटले.

पुढच्या नवरात्रात माझ्या हातात परडी दिलीत. पाच घरी जोगवा मागून आले, तेव्हा उंबऱ्यातच विचारलंत, "लाज वाटली का?" नाही म्हटलं. "मग जावेकडं महिन्यातले आठ दिवस मागायला कसली लाज?" त्याच रात्री जाऊबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, तुला आवडणार नाही."

आता महिन्यातले आठ दिवस सासूबाई तिकडे असतात.

यंदा कोजागिरीला तुमच्याबरोबर तुळजापूरला चालत येणार आहे. दसऱ्यापासून तोवर तुमचा डबा माझ्याकडून. चटई अंथरायची तर अंथरा, पण दुपारी तुमच्या घराची कडी मी बाहेरून लावणार आहे.

तुमची,
खालच्या मजल्यावरची