योजनेचं कार्ड वॉर्डात चालतं, ओपीडीत नाही

चि. सुनंदास अनेक आशीर्वाद.

सासूबाईंची धाप वाढली आहे आणि योजनेत बसणारा छातीचा डॉक्टर सोलापुरात कुठे मिळेल, असं तू विचारलंस. फोनवर ऐकलेलं निम्मं विसरायला होतं, म्हणून लिहून पाठवतो. हा कागद केसपेपरच्या फाईलमध्येच ठेव.

आधी एक घोळ मिटवू. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ते ठरवून दिलेल्या आजारांसाठी, आणि मुख्यतः भरती झाल्यावर. खासगी डॉक्टरची तपासणी फी, तिथला एक्स-रे, दम्याचे महिन्याचे पंप (तोंडाने ओढून घ्यायचं औषध) यांना हे कार्ड लागू नाही. लोक रेशनकार्ड घेऊन ओपीडीत जातात, तिथे पैसे मागितले की योजना खोटी म्हणत परततात. म्हणून तुला दोन गोष्टी वेगवेगळ्या शोधायच्या आहेत: कमी पैशांत निदान करून देणारी ओपीडी, आणि उद्या भरती करायची वेळ आलीच तर योजनेत छातीचे आजार घेणारं रुग्णालय. दोन्ही एकाच जागी मिळतील असं धरून चालू नकोस.

ओपीडीसाठी जावईबापूंची पगाराची पावती बघ. ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, ०.७५ टक्के कपात दिसली तर तुमचं अर्धं काम झालं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ही विमा योजना लागू आहे आणि अवलंबून असलेले आईवडीलही तिच्यात येतात. महात्मा फुले योजनेत नसलेलं सगळं, म्हणजे ओपीडी, तपासण्या, दर महिन्याची औषधं, इथे मिळतं. अडतं ते एवढ्यावरच की कारखान्यात नाव नोंदवताना बायको-मुलांची नावं घातली जातात आणि आईचं राहून जातं. ई-पहचान कार्डाचा, म्हणजे ईएसआयच्या ओळखपत्राचा, छापील कागद काढून बघा. त्यात आई नसेल तर कारखान्याच्या कार्यालयातून नाव चढवून घ्या. स्वतःचं फारसं उत्पन्न नसलेली आईच त्यात धरतात. मग पायऱ्या चुकवू नका. आधी नेमून दिलेला ईएसआय दवाखाना, तिथून चिठ्ठी घेऊन कामगार विमा रुग्णालय, आणि तिथे सोय नसेल तर त्यांच्याच चिठ्ठीवर करार असलेलं खासगी रुग्णालय. चिठ्ठीशिवाय थेट खासगीत गेलात की ते पैसे बहुतेक बुडाले.

ईएसआय नसेल तर सरळ सिव्हिल. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, त्यामुळे तिथे श्वसनरोगाचा स्वतंत्र विभाग आणि शिकवणारे प्राध्यापक आहेत. सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळं मोफत झालं असं कुणी सांगेल. तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरता आहे. महाविद्यालयाची रुग्णालयं त्यात नाहीत. म्हणून केसपेपरला आणि काही तपासण्यांना किरकोळ पैसे लागतील. त्यावरून खिडकीवर वाद घालू नकोस. ओपीडी सकाळची असते. केसपेपर काढतानाच "छातीचा विभाग" असं स्पष्ट सांग, नाहीतर जनरल मेडिसिनच्या रांगेत तासभर जातो.

खासगीकडे जायचंच असेल तर पाटीवरची पदवी वाच. एमडी (रेस्पिरेटरी मेडिसिन), जुन्या डॉक्टरांची एमडी (टीबी अँड चेस्ट), डीएनबी, डीटीसीडी ही पदविका किंवा पल्मोनरी मेडिसिनमधली डीएम, यांपैकी काहीतरी हवं. एफसीसीपी ही पदवी नव्हे, एका संस्थेचं फेलो-सभासदत्व आहे; नुसतं तेवढंच लिहिलेलं असेल तर मूळ पदवी विचार. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतो.

आता भरतीची तयारी, आणि ही सासूबाई बऱ्या असतानाच करून ठेवायची. रुग्णालयाला फोन करून "तुम्ही योजनेत आहात का?" असं विचारलंस तर उत्तर "हो" येईल आणि तुझ्या उपयोगाचं नसेल. मान्यता शाखेनुसार असते. हाडांसाठी किंवा मुतखड्यासाठी योजनेत असलेलं रुग्णालय न्यूमोनिया घेईलच असं नाही. म्हणून रिसेप्शनवर थांबू नकोस, तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठ. प्रत्येक मान्यताप्राप्त रुग्णालयात त्याचं टेबल असतं. त्याला विचार: फुप्फुसाच्या आजारांची मान्यता आहे का, छातीचे डॉक्टर रोज असतात की बोलावल्यावर येतात, आणि योजनेतल्या पेशंटला आयसीयूत व्हेंटिलेटर मिळतो का. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) पेशंटला रात्री-अपरात्री लागतं ते नेमकं तेच. टोल-फ्री १५५३८८ वरूनही यादी विचारता येते, पण ती आरोग्यमित्राकडून पक्की करून घे. मान्यता मिळते तशी जातेही. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. तसं सांगून खासगीने नाकारलं तर दर वेळी ती टाळाटाळ असतेच असं नाही.

कागदांत रेशनकार्ड आणि आधार. रेशनकार्डावर सासूबाईंचं नाव आहे ना, आणि दोन्हीकडचं स्पेलिंग जुळतं ना, हे आजच बघ. सोलापुरात आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं तीन कागदांवर तीन तऱ्हांची निघतात आणि मंजुरी तिथेच अडकते. भरती करताना पहिल्याच मिनिटाला "योजनेतून" असं सांगायचं. रोख भरून नंतर परत मागू म्हणशील तर योजना कॅशलेस आहे, भरलेल्या पैशांची परतफेड करत नाही. तातडीच्या वेळी आरोग्यमित्र फोनवरून मंजुरी घेऊ शकतो, कागद मागाहून देता येतात. मंजुरीनंतर कुणी अनामत मागितली तर पावती माग आणि पेशंट खाटेवर असतानाच १५५३८८ ला तक्रार कर. घरी आल्यावर केलेल्या तक्रारीत तेवढा जोर राहत नाही.

डॉक्टरांपुढे सासूबाई "थोडा दम लागतो" एवढंच म्हणतील. तू सांग: किती वर्षं बिड्या वळल्या, तंबाखूची धूळ बंद खोलीत होती का, चूल किती वर्षं फुंकली. स्वतः बिडी न ओढणाऱ्या बाईलाही चुलीच्या धुराने सीओपीडी होतो, आणि चुलीबद्दल विचारायचं डॉक्टरांकडूनही राहून जातं. मामंजींनाही खोकला आहे म्हणतेस; ते गिरणीत होते, तेव्हा सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशीच छाती आवळायची का, हे विचारून ठेव. कापसाच्या धुळीच्या आजाराची ती खूण आहे.

खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर आधी एक्स-रे आणि थुंकी. थुंकीचे दोन नमुने, एक तिथेच आणि एक पहाटेचा, तोंड साध्या पाण्याने धुऊन छातीतून खाकरून काढलेला. नुसती लाळ दिली तर तपासणी फुकट जाते. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारीत कुणालाही मोफत आहेत, त्याला कुठलं कार्ड लागत नाही. क्षय नाही हे कळल्यावर स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायची तपासणी. तिच्या आधी दोन तास भरपेट जेवण नको, आणि पंप किती तास आधी थांबवायचा ते डॉक्टरांनाच विचार. औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात; दुसऱ्यांदा फुंकल्यानंतरचाच आकडा सीओपीडी ठरवतो. एकदाच फुंकवून रिपोर्ट हातात दिला तर दुसरी का केली नाही ते विचार. मूळ रिपोर्ट कुणाकडे सोडू नकोस, झेरॉक्स दे.

बसल्या जागी बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९० च्या खाली दिसला, ओठ निळसर झाले किंवा एक वाक्य सलग बोलता येईना, तर यातलं काही शोधत बसू नकोस. १०८ ला फोन कर आणि सिव्हिल गाठ.

जावईबापूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझे अण्णा

ता. क. मामंजींनी सत्तरी ओलांडली आहे ना? ७० आणि पुढच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आधारवरच्या वयावर आयुष्मान वयवंदना कार्ड मिळतं. त्यांचं वेगळं काढून घे.