चूक तुमची, गैरसमज आमचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात कणकुंबीचं वर्णन 'चोर्ला घाटाच्या पायथ्याचं गाव' असं आलं होतं. मलप्रभा जिथं उगम पावते ते कणकुंबी घाटमाथ्यावर आहे, हे खानापूर तालुक्यातलं शाळकरी पोरही सांगेल. चूक कुणाच्याही हातून होते, तिचं काही नाही. तक्रार आहे ती दुसऱ्या दिवशीच्या दोन ओळींबद्दल : 'सदर बातमीमुळे वाचकांचा गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहोत.' अहो, आमचा कुठं झाला? तो घाट चढउतार करण्यात आमचे गुडघे झिजले!

एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळं हा शब्द डोळ्यांत खुपतो. गैरसमज होतो तो ऐकणाऱ्याच्या किंवा वाचणाऱ्याच्या मनात. लिहिणाऱ्यानंच चुकीचं लिहिलं तर ती चूक, फार तर चुकीचं वर्णन. तिला गैरसमज म्हटलं की दोष अलगद वाचकाच्या पदरात पडतो.

खऱ्या गैरसमजाला आमच्या सीमाभागात तोटा नाही. गल्लीतल्या भिशीत एकदा पाचशे रुपयांचा मेळ लागेना. मी शेजारच्या अक्कांना म्हटलं, "माझं अनुमान आहे, पैसे तुमच्याच डब्यात राहिले असतील." अक्कांचं माहेर बैलहोंगलचं, घरची भाषा कन्नड. कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय! आठ दिवस बोलणं बंद. शेवटी त्यांच्या सुनेनं विचारलं, "मावशी, आमच्या अत्तींवर तुम्ही अनुमान केलं म्हणे?" तेव्हा कुठं उलगडा झाला. (पैसे डब्यातच निघाले, ते राहू दे.) 'अवसर'चंही तसंच. आपल्याकडं ती संधी, त्यांच्याकडं घाई. दोन्ही माणसं सरळ, शब्दच मधल्यामध्ये निसटलेला. याला गैरसमज म्हणावं.

पण पुढाऱ्याच्या भाषणातलं अर्धं वाक्य उचलून कुणी मुद्दाम फिरवलं, तर तो विपर्यास. तिथंही आपला मथळा 'भाषणाबाबत गैरसमज', म्हणजे फिरवणारा मोकळा. मराठीत याला 'ध चा मा' असा धारदार शब्दप्रयोग आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा चिठ्ठीतल्या 'धरावे'चं आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, अशी आख्यायिका आहे. ती खरी की रचलेली, हा वाद इतिहासवाल्यांनी घालावा. पण गारद्यांचा गैरसमज झाला, असं काही कुणी म्हणत नाही.

नावाची चूक आणखी निराळी. बेळगाव बासमतीबद्दलही 'ग्राहकांत गैरसमज' असं आपण छापलं होतं. २०१६ साली बासमतीला भौगोलिक मानांकन मिळालं ते पंजाब, हरियाणापासून जम्मूपर्यंतच्या उत्तरेकडच्या पट्ट्यासाठी. त्या हिशेबानं येळ्ळूरच्या शिवारातला तांदूळ बासमती ठरत नाही, हे मान्य. पण भात शिजला की घरभर सुटणारा वास काही खोटा नाही. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण इथं उलटी लावावी लागेल. वाळा अस्सल, नाव तेवढं उसनं. आणि नावावरूनच फसगत धरायची तर भुईमुगात मूग कुठाय? शिसपेन्सिलीत शिसं कुठाय?

धनुर्वाताचं मात्र गंभीर आहे. अंग धनुष्यासारखं वाकतं म्हणून धनु, इथपर्यंत नाव बरोबर. पण तो वातानं होत नाही, गंजानंही होत नाही. मातीत आणि शेणात असणारे जंतू जखमेतून शरीरात शिरतात, त्यांनी होतो. 'गंजका खिळा थोडाच होता' म्हणून रानात काटा खोल रुतलेला माणूस टीटीचं इंजेक्शन घ्यायचं टाळतो. ही भ्रामक समजूत आहे, आणि बातमीत ती त्याच नावानं यायला हवी. 'गैरसमज' म्हटलं की एखादं भांडण मिटवायचं असल्यासारखं वाटतं.

माझ्या नावाची गंमत सांगून थांबते. शिधापत्रिकेवर कन्नडमधून एक, आधारवर दुसरं, शेताच्या उताऱ्यावर तिसरं. एका कचेरीत कारकून म्हणाला, "हेसरु बेरे." नाव वेगळं आहे. म्हणजे मी कुणी दुसरीच! त्यानं लिहिलेली चूक, आणि तिन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र स्टॅम्प पेपरवर, पदरच्या पैशानं, मी करून दिलं. आपली ती दिलगिरी वाचली तेव्हा हाच कारकून आठवला.

तेवढी कणकुंबीची दुरुस्ती पुन्हा छापा : 'कणकुंबी घाटमाथ्यावर आहे. आम्ही चुकीचं लिहिलं होतं.' दिलगिरीपेक्षा जागा कमीच लागते, मी अक्षरं मोजून पाहिली आहेत.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, खानापूर (जि. बेळगाव)