ताप कसला ते कोडात येऊ द्या

मा. संपादक,

पावसाळा आला की आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीत तापाचे पेशंट वाढतात, पण त्यांची नोंद हॉस्पिटलात कशी होते त्याबद्दल कोण बोलत नाही म्हणून लिहितेय. मी मेडिकल रेकॉर्डला आहे, डिस्चार्जनंतर केसपेपर वाचून आजाराला आयसीडी-१० चा, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीतला कोड द्यायचा हे माझं काम.

लावणीच्या दिवसात माणूस येतो, ताप, पोटऱ्या ठणकतायत, डोळे लाल. रक्त तपासायला जातं, रिपोर्ट यायच्या आधीच तो बरा होऊन घरी जातो आणि समरीवर, म्हणजे डिस्चार्जच्या कागदावर, नुसतं 'ताप' लिहिलेलं असतं, मग मी आर ५०.९ देणार नाहीतर काय, म्हणजे कारण न ठरलेला ताप. विम्याच्या क्लेमवाल्यांना फाईल लगेच हवी असते, ती बंद होते, मग मागाहून लेप्टो (उंदरांमुळे पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) पॉझिटिव्हचा कागद येतो, तो टाचला जातो, पण आर ५०.९ चं ए २७, म्हणजे लेप्टोचा कोड, काही होत नाही. लॅब सरकारला वेगळं कळवते हे मान्य, पण हॉस्पिटलच्या वर्षभराच्या यादीत तो साधा तापच राहतो ना.

दोडामार्गकडे २०१६ पासून माकडताप आहे, त्याला ए ९८.२ हा स्वतःचा कोड आहे, स्क्रब टायफसला (बारीक किड्यांच्या चावण्याने येणारा ताप) ए ७५.३. सुरुवातीला ताप सगळ्यांचा सारखाच दिसतो, पण लेप्टोला उंदरांचा बंदोबस्त करायचा नि माकडतापाला रानातल्या गोचिडीपासून जपायचं, मग सगळं एकाच कोडात टाकून कसं चालेल?

तीच गत माडावरून पडलेल्यांची. मांडीचं हाड मोडलं, एस ७२, बरोबर, पण माडावरून पडला की बाईकवरून ते पेपरवर नसतंच, झाडावरून पडण्याला डब्ल्यू १४ असा वेगळा कोड असूनही. नातेवाईक कॅज्युअल्टीत सगळं सांगत असतात हो, लिहून कोण घेत नाही!

आता आयसीडी-११ येतंय, डब्ल्यूएचओने ते १ जानेवारी २०२२ पासून लागू केलंय, जुने कोड नव्यात न्यायचे तक्तेही आहेत. पण तक्ता कोड बघतो, टाचलेला रिपोर्ट नाही, म्हणजे आमचा लेप्टो तिकडेही नुसता ताप म्हणूनच जाणार.

डॉक्टरांनी समरीत निदान आणि दुखापतीचं कारण पूर्ण लिहावं, आणि मॅनेजमेंटने मागाहून आलेले लॅब रिपोर्ट दर आठवड्याला रेकॉर्ड रूमला पाठवून फाईल उघडून कोड बदलायची परवानगी द्यावी, एवढंच मागणं आहे.

– एक वाचक, कुडाळ