दिव्यांग विद्यार्थी व पालकांसाठी आठवण

सर्व सभासदांना नमस्कार.

चोपडा, शहादा, साक्रीकडून जळगाव-धुळ्याला शिकायला आलेल्या आपल्या मुलांची फी कशीबशी निघते. अडतं ते खोलीभाडं, मेस आणि रिक्षाच्या पैशांवर. जिना चढता येत नसेल तर तळमजल्याचीच खोली लागते आणि ती महागच मिळते.

म्हणून महाडीबीटीवर (राज्य सरकारचं ऑनलाइन अर्जाचं पोर्टल) दिव्यांगांच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीचा अर्ज भराच. दिव्यांगत्व किमान ४० टक्के हवं. यात दरमहा निर्वाह भत्ता असतो, वसतिगृहात राहणाऱ्यांना जास्त. दृष्टिहीनांना वाचक भत्ताही (वाचून दाखवणाऱ्यासाठीचे पैसे) असतो. वसतिगृहाचा दाखला जोडायला विसरू नका, तेवढ्यासाठी हक्काचे पैसे जाऊ देऊ नका. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे आजच तपासा.

दुसरं, गावच्या ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चावा लागतो. ग्रामसेवकाकडे (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मागायला लाजू नका.

एसटीत ७५ टक्के सवलत आहेच. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अजून काढलं नसेल तर आधी ते काढा. अर्ज भरताना अडचण आली तर ग्रुपवर लिहा, आम्ही सोबत बसून भरून देऊ.