‘एल डोराडो’ : आपला कॅट आपणच बांधण्याचा खेळ

संपादक महोदय,

सुट्टीत घरातल्या घरात खेळता येतील अशा खेळांची यादी आपल्या पुरवणीत वाचली. प्रत्येक खेळाचे नाव, मुलांचे वय आणि किंमत एवढेच तिच्यात होते. तो खेळ कसा चालतो, कोणत्या घराला मानवेल, कुठे कंटाळा येईल, याविषयी एक ओळही नव्हती. नव्या पुस्तकाविषयी किंवा नाटकाविषयी लिहिताना आपण केवळ पृष्ठसंख्या आणि तिकिटाचा दर सांगून थांबत नाही. खेळाचाही कोणीतरी कर्ता असतो, त्याची रचना असते आणि तिच्यात गुणदोष असतात, म्हणून त्याचे परीक्षणही तेवढ्याच गांभीर्याने व्हायला हवे असे मला मनापासून वाटते. त्या यादीत नसलेल्या, पण आमच्या घरात वर्षभर नेमाने खेळल्या जाणाऱ्या एका खेळाविषयी हे पत्र आहे.

‘द क्वेस्ट फॉर एल डोराडो’ हा तो खेळ. गणितात डॉक्टरेट मिळवून पुढे शेकडो खेळ रचणाऱ्या रायनर क्निझिया या जर्मन रचनाकाराने तो तयार केला आणि राव्हेन्सबर्गर या जर्मन प्रकाशनसंस्थेने २०१७ मध्ये तो बाजारात आणला. ‘श्पील देस यारेस’ या, वर्षातील उत्कृष्ट खेळाला जर्मनीत दिल्या जाणाऱ्या पुरस्कारासाठी त्याचे त्या वर्षी नामांकन झाले होते. पुरस्कार ‘किंगडोमिनो’ला मिळाला. खेळणारे दोन ते चार, वय दहाच्या पुढे आणि वेळ साधारण तासाभराचा, असे खोक्यावरच्या माहितीचे सार आहे. आमचा मुलगा नऊ वर्षांचा असताना खेळू लागला आणि त्याला काही अडले नाही.

हा ‘डेक-बिल्डिंग’ प्रकारातला खेळ आहे, म्हणजे काय ते आधी सांगायला हवे. मेंढीकोट किंवा बदाम सात खेळताना बावन्न पानांचा एकच कॅट सगळ्यांत वाटला जातो आणि हाती आले ते पान नशिबाचे. डेक-बिल्डिंगमध्ये प्रत्येकाचा कॅट वेगळा असतो, सुरुवातीला सगळ्यांचे कॅट सारखेच आणि तितकेच कमकुवत असतात, आणि खेळत असतानाच समोरच्या बाजारातून नवी पाने विकत घेऊन ज्याने त्याने आपला कॅट घडवायचा असतो. डोनाल्ड व्हॅकारिनो यांच्या ‘डोमिनियन’ने २००८ मध्ये हा प्रकार जगभर रुजवला आणि पुढच्याच वर्षी तो पुरस्कार मिळवला. ‘डोमिनियन’ची रचना देखणी आहे, पण तो घरातल्या सगळ्यांना घेऊन खेळणे कठीण जाते. पानांवर इंग्रजी मजकूर भरपूर असतो, पट नसतो, आणि गुण शेवटी मोजायचे असल्यामुळे आपण पुढे आहोत की मागे हे लहान मुलाला खेळ संपेपर्यंत कळत नाही.

क्निझिया यांनी नेमकी हीच अडचण दूर केली आहे. त्यांनी या प्रकाराला एक शर्यत जोडली. षटकोनी घरांचे मोठे तुकडे जोडून टेबलावर जंगल, नद्या आणि गावे यांचा पट मांडायचा, प्रत्येकाने आपली सोंगटी आरंभाच्या घरात ठेवायची आणि सर्वांआधी सोन्याचे शहर गाठायचे. कोण पुढे आहे हे आता डोळ्यांना दिसते. सुरुवातीच्या कॅटमध्ये आठ पाने असतात : जंगलातून वाट काढणारी तीन हिरवी, पाण्यातून नेणारे एक निळे आणि गावांतून जाण्यास व खरेदीस उपयोगी पडणारी चार पिवळी. दर पाळीला हातात चार पाने असतात. त्यांतली काही चालण्यासाठी वापरावी, काहींच्या बदल्यात बाजारातून जास्तीत जास्त एक नवे पान घ्यावे, आणि पाळी संपताना हात पुन्हा चार पानांचा करावा. पाने संपली की टाकलेली चळत पिसून पुन्हा उपसायची. नियम एवढेच आहेत आणि पानांवर वाचण्यासारखा मजकूर जवळजवळ नसून चिन्हे असल्याने, इंग्रजी न वाचणाऱ्या माझ्या सासऱ्यांना पहिल्या डावापासून कोणाची मदत लागली नाही.

या साध्या नियमांत तीन बारकावे असे आहेत की त्यांच्यामुळेच खेळाला खोली येते. पहिला असा, की पटावरच्या काही घरांवर एक चिन्ह असते तर काहींवर दोन, तीन किंवा त्याहून अधिक, आणि तीन चिन्हांच्या घरात शिरायला तीन किंवा जास्त शक्तीचे एकच पान लागते. एकेक शक्तीची तीन पाने एकत्र करून चालत नाही. उलट तीन शक्तीच्या एका पानावर एकेका चिन्हाची तीन घरे ओलांडता येतात. दुसरा असा, की पिवळे पान खरेदीला पूर्ण मोलाचे, तर इतर कोणत्याही रंगाचे पान अर्ध्या नाण्याचे धरले जाते, त्यामुळे खरेदी करावी की चालावे हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पाळीला पडतो. तिसरा मला सर्वांत मोलाचा वाटतो : न वापरलेले पान टाकून देण्याची सक्ती नाही, ते पुढच्या पाळीसाठी हातात राखता येते. नदी दोन घरांवर असेल तर निळे पान धरून ठेवावे की ते टाकून नव्या पानांची वाट पाहावी, हा विचार करताना आमची चौदा वर्षांची मुलगी इतकी गढून जाते की समोरचा चहा निवतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला हरल्यावरच उमगली. पहिल्या काही डावांत माझे सासरे दर पाळीला काही ना काही विकत घेत. आयुष्यभर मेंढीकोट खेळलेल्या माणसाला हातात जास्त आणि भारी पाने असणे म्हणजे बळ, असे वाटणे स्वाभाविकच आहे. पण इथे हिशेब वेगळा आहे. कॅटमध्ये आठ पाने असतील तर चार-चार करून दोन पाळ्यांत सगळी पाने हातून जातात. ती सोळा झाली की त्याच एका उत्तम पानाची पुन्हा गाठ पडायला चार पाळ्या लागतात. त्यांच्याकडे बाजारातली सर्वांत दमदार पाने होती आणि तरीही ती हवी तेव्हा हाती येत नव्हती, तर नऊ वर्षांचा नातू अकरा पानांच्या सडसडीत कॅटवर त्यांच्या पुढे निघून गेला.

मग पटावरच्या लाल घरांचा अर्थ आमच्या ध्यानात आला. ही घरे म्हणजे मोहिमेच्या छावण्या; त्यांत शिरण्यासाठी सांगितलेली पाने खेळातून कायमची काढून टाकावी लागतात. नवशिक्याला ही शिक्षा वाटते आणि तो वळसा घालून जातो. सरावलेला माणूस मात्र मुद्दाम त्याच वाटेने जातो, कारण सुरुवातीची दुबळी पिवळी पाने कॅटमधून घालवण्याची संधी सहसा मिळत नाही. राखाडी घरांत पाने फक्त टाकायची असतात, ती पुढे परत हाती येतात. हा फरक पहिल्या डावाआधीच सर्वांना नीट समजावून द्यावा. तसेच काही जबरदस्त पाने एकदाच वापरता येतात आणि वापरल्यावर खेळातून जातात. ती घ्यायला मुले बिचकतात, पण त्यांनी कॅट फुगत नाही, हा त्यांचा मोठा गुण आहे.

आपल्याकडच्या सारीपाटाशी या खेळाची तुलना माझ्या मनात नेहमी येते. तिथेही सोंगट्या, पट आणि घर गाठण्याची ओढ आहे, पण फासे किंवा कवड्या जे दान देतील ते मुकाट्याने घ्यावे लागते आणि कौशल्य त्या दानाच्या वापरात असते. इथे फाशांच्या जागी कॅट आहे. दान पडते ते नशिबानेच, पण त्या दानात काय काय पडू शकेल हे आपण आधी ठरवलेले असते. कुटुंबात खेळायच्या खेळासाठी याहून चांगले प्रमाण माझ्या पाहण्यात नाही : लहानांना जिंकण्याइतके नशीब आणि मोठ्यांना विचार करायला पुरेसा वाव.

दोषही सांगायला हवेत. ज्या घरात एक सोंगटी उभी आहे तिथे दुसरीला जाता येत नाही, त्यामुळे चौघे खेळताना अरुंद वाटेवर कोंडी होते आणि मागे राहिलेल्याच्या एक-दोन पाळ्या वाया जातात. दोघेच असतील तर प्रत्येकाने दोन सोंगट्या चालवायच्या असतात. विचाराला ते पोषक असले तरी शर्यतीची गंमत त्यात थोडी पातळ होते. शेवटच्या तुकड्यावर पोहोचेपर्यंत अंतर फार पडले असेल, तर निकाल आधीच कळतो आणि उरलेल्या पाळ्या उपचारापुरत्या राहतात. शिवाय खेळ परदेशी बनावटीचा, त्यामुळे पत्त्यांच्या साध्या कॅटच्या मानाने बराच महाग पडतो. दोन-तीन कुटुंबांनी मिळून घ्यावा असे मी सुचवीन.

विषयाबद्दल माझा आक्षेप याहून गंभीर आहे. ‘एल डोराडो’चा मूळ अर्थ सोन्याने मढलेला पुरुष असा आहे. आजच्या कोलंबियातील मुइस्का लोक नव्या प्रमुखाच्या अंगाला सोन्याची भुकटी लावून त्याला तराफ्यावरून ग्वाटाविटा सरोवरात नेत आणि सोने पाण्याला अर्पण करीत, अशी हकिकत स्पॅनिश लोकांच्या कानी गेली. त्यांच्या हव्यासाने त्या माणसाचे आधी सोन्याचे शहर केले आणि मग राज्य. त्या शोधापायी १५४१ साली गोन्सालो पिसारोची आणि १५९५ साली इंग्रज वॉल्टर रॅलेची मोहीम निघाली. शहर कोणालाच सापडले नाही, आणि असल्या मोहिमांची किंमत तिथल्या मूळ रहिवाशांनी मोजली. खेळात यातले काहीच नाही. उलट पहिल्या आवृत्तीत ‘नेटिव्ह’ नावाचे एक पान आहे, जे खेळल्यावर कोणत्याही शेजारच्या घरात विनाअट जाता येते. म्हणजे तिथला माणूस हा वाटाड्या म्हणून विकत घ्यायची वस्तू ठरतो. परक्यांच्या अशा मोहिमा आपल्या देशानेही सोसल्या आहेत, तेव्हा हे पान आपल्याला खटकायला हवे. आम्ही मुलांना ही हकिकत सांगितली आणि बोगोटाच्या सुवर्ण संग्रहालयातील मुइस्का तराफ्याचे छायाचित्र दाखवले. मुलीने त्या पानाला आमच्या घरापुरते ‘यजमान’ असे नाव दिले आहे, आणि तेच आता रूढ झाले आहे.

नव्याने खेळणाऱ्यांनी पहिल्या डावाला नियमपुस्तिकेतला सर्वांत सोपा पट मांडावा, गुहांच्या चकत्या (वाटेतल्या गुहांपाशी मिळणारी जादा मदत) खोक्यातच ठेवाव्यात आणि लाल घरातून जाणारी एक तरी वाट सर्वांना आधी दाखवून द्यावी. आणि आपणास विनंती अशी, की पुढच्या सुट्टीतील यादी करण्यापूर्वी तीतला प्रत्येक खेळ कोणीतरी दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या वयाच्या माणसांबरोबर खेळून पाहावा, आणि त्याने जे अनुभवले ते दहा-बारा ओळींत छापावे. अशा लेखनासाठी मोबदल्याची अपेक्षा न ठेवणारे वाचक आपल्याला गावोगावी मिळतील. त्यांत माझे नाव धरावे.

आपली,
एक वाचक, सातारा